नो डिस्क

भागीवयनी दुकानात आल्या तेव्हा
चकती पदरात गुंडाळलेली होती,
बाजारातून अंडी आणावीत तशी.
"बाबल्या, तुझ्या कंप्युटरार चलता,
माझ्या डब्यात चलणा नाय.
लाल अक्षरांत कायतरी येता आणि थांबता."

सर्जेकोटात त्यांच्या घरी जाऊन तो डबा पाहिला.
नऊशेला घेतलेला, वर क्रोशाचा रुमाल,
रुमालावर प्लास्टिकचं बदक.
चकती आत ओढतो, दोनदा खाकरतो
आणि लिहितो: नो डिस्क.
आत चकती असताना.
समोर उभ्या पोराला बघून
मास्तरांनी गैरहजेरी मांडावी तसं.

पहिला संशय मी वाऱ्यावर घेतला.
आमच्याकडे तो नेहमीच पहिला.
खारं वारं दाराची कडी खातं, सायकलची घंटी खातं,
तिथे भिंगाची काय कथा.
कानकाडीला स्पिरिट लावून ते पुसलं, धाकट्या पोराचा डोळा पुसतात तसं.
चकतीही पुसली, मधून कडेकडे, सरळ.
गोल गोल पुसू नये, हे मी वयनींना दोनदा सांगितलं.
त्यांनी आठ दिवस गोल गोलच पुसली होती.

नो डिस्क.

मग संशय चकतीवर.
दिगूने ती जहाजावर भरली होती,
सोळाच्या वेगाने, ड्युटीला जाता जाता,
अधिकच्या चिन्हाची, जांभळ्या पोटाची.
वर 'आयेक' लिहिलेला कागद चिकटवलेला, जरा तिरका,
म्हणून फिरताना लंगडत होती.
आणि ह्या डब्याला वजाची चालते, अधिकची नाही.
"म्हंजे उणा असला तरच घेता?" वयनी म्हणाल्या,
"मगे माझोच डबो तो."

वजाच्या चकत्या कणकवलीहून आणवल्या.
रूपांतर रात्रभर लावून ठेवलं;
ब्याऐंशी टक्क्यांवर लाइट गेली.
दुसऱ्या रात्री चारच्या वेगाने भरली, पेज रटरटावी तशी.
पहिली फुकट.
दुसरी चालली, पण दिगूचा चेहरा
चौकोन चौकोन होऊन अडकला, तोंड उघडं.
"ह्येका थंय जेवूक घालनत नाय काय?"
तिसरी फुकट. चौथीही.
पाचवी मी रागाने भरली, तीही.

शेवटी कळलं, आणि माझी मलाच लाज वाटली.
मी चकती बंदच करत नव्हतो.
जागा उरलीय, पुढेमागे आणखी काही घालू,
म्हणून ती खूण सोडून द्यायची माझी सवय.
उघडी राहिलेली चकती
लिहिणाऱ्या यंत्रालाच वाचता येते;
बाकीच्यांना ती कोरी.

सांगायला गेलो तेव्हा वयनी सुंगटं सोलत होत्या.
"बंद केल्यार मगे त्यात आणखी घालूक येवचा नाय?"
नाही येणार.
"त्याचा अजून खूप येवचा आसा."
ते दुसऱ्या चकतीवर घालू की.
त्यांनी तीन सुंगटं सोलली, चौथ्याचं डोकं मोडलं.
"कर मगे बंद."

अकरा मिनिटं आहेत.
इंजिनाची खोली, नुसता आवाज.
बिछान्यावरची चादर, नीट घातलेली.
कुठलं तरी बंदर, पिवळ्या क्रेन.
मग पाणी, सलग सात मिनिटं.
दिगू दोनदा दिसतो: सुरुवातीला हात करून काही बोलतो,
इंजिन ते गिळतं,
आणि अगदी शेवटी आरशात, कॅमेऱ्यामागे अर्धा.
पाणी लागलं की वयनी उठून चुलीकडे जातात.
ते त्यांच्या दारात आहे.
आरशाला बरोबर परत येतात,
घड्याळ न बघता.

मजुरी म्हणून पाव डझन सुके बांगडे,
आणि वर वाया गेलेल्या पाचही चकत्या त्यांनी मागून नेल्या.
सुतळीत ओवून अंगणात टांगल्या,
वाळत घातलेल्या मासळीवर, कावळ्यांसाठी.
फिरतात, झळकतात.
त्यातल्या एकीत कुठेतरी
दिगूचं उघडं तोंड आहे.

दोन दिवस कावळे माडावरच राहिले.
तिसऱ्या दिवशी एक खाली आला,
मान तिरकी करून बराच वेळ चकतीत बघत राहिला
आणि बांगडा घेऊन गेला.